फोन उशाशी ठेवून

फलटणजवळच्या एका गावातून आलेलं हे पत्र. ओळख पटेल असा मजकूर काढून छापतेय.

«ताई, माझे मिस्टर ४२ वर्षांचे आहेत. दोन्ही किडन्या निकामी. सव्वादोन वर्षं झाली, सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस चालू आहे. किडनीसाठी पुण्याच्या प्रतीक्षायादीत नाव घालून १९ महिने झाले. मी किडनी द्यायला तयार होते, पण त्यांचा रक्तगट ए आणि माझा बी. सासूबाईंना साखर, त्यामुळे त्यांचीही चालत नाही. रोज रात्री त्यांच्या हाताला कान लावून फिस्टुलाची (डायलिसिसच्या सुया टोचायला जोडून दिलेल्या शिरेची) घरघर ऐकते, त्यांना चालेल तेवढं उद्याचं पाणी मोजून तांब्यात भरते आणि फोन उशाशी घेऊन झोपते. गेल्या महिन्यात रात्री पावणेदोनला फोन वाजला. राँग नंबर होता. मग झोप येईना म्हणून देवासमोर बसले. ‘एकदा तो फोन येऊ दे’ असं म्हणता म्हणता लक्षात आलं, की मी हे काय मागतेय? कुणाचा तरी अपघात? कुणाच्या तरी घरात रडारड? तेव्हापासून हात जोडवत नाहीत. सासूबाई म्हणतात, तुझी श्रद्धा कमी पडते म्हणून अडलंय. मी सोमवार, गुरुवार, शनिवार आणि दोन्ही एकादश्या धरते. गावातल्या एकानं काढा सांगितलाय. मिस्टर १४ वर्षं माउलींच्या पालखीत चालले, दिंडीत पखवाज वाजवायचे. आता पालखी फलटणला आली तरी बघायला जात नाहीत, घरातला हरिपाठही बंद पडलाय. अशा माणसाला पांडुरंगानं इतकं ताटकळत ठेवावं? विश्वास ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, तेवढं सांगा.»

ताई,

उत्तराला तीन आठवडे लागले. दोनदा लिहिलं आणि फाडून टाकलं. कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला एकाच ठिकाणी सापडतं, ते माझ्या भावाच्या गोष्टीत. आणि ती गोष्ट तुम्हाला आत्ता सांगावी की नाही, हे ठरत नव्हतं. शेवटी वाटलं, रोज रात्री हाताला कान लावून झोपणाऱ्या बाईपासून काय लपवायचं?

आमचा अण्णा सोलापूरला एसटीत मेकॅनिक होता. चार वर्षं डायलिसिसवर होता. नाव पुण्याच्याच यादीत. गणपतीचे दिवस होते, रात्री साडेअकराला फोन आला. ‘काही खाऊ-पिऊ नका, लगेच निघा.’ शेजाऱ्यांची गाडी घेऊन आम्ही पहाटे पुण्यात पोचलो. तिथं कळलं, की अशा वेळी एकालाच बोलावत नाहीत. आणखी एक जण आला होता, बायको आणि मुलीसकट. दोघांचं रक्त घेतलं. दात्याच्या पेशींशी ते जुळतंय का, हे बघायला काही तास लागतात. त्या तासांत आम्ही दोन्ही कुटुंबं समोरासमोरच्या बाकड्यांवर बसून होतो, एकमेकांकडे बघायचं टाळत. बाराच्या सुमारास रुग्णालयातल्या बाई बाहेर आल्या आणि त्यांनी अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यावर आम्हाला कळलं. अण्णाच्या रक्तात आधीच्या कधीतरी चढवलेल्या रक्तामुळे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रतिपिंडं तयार झाली होती, ती आड आली.

तो कॅन्टीनमध्ये गेला आणि इडली मागवली. पोऱ्याला म्हणाला, ‘चटणी नको रे, नारळ असतो.’ किडनी हातची गेली होती आणि हा नारळातलं पोटॅशियम सांभाळत होता! मला रडू फुटलं. तो म्हणाला, ‘त्याची पोरगी दहावीला आहे. बरं झालं.’ मग एसटीनं परत.

दुसरा फोन आला नाही. चौदा महिन्यांनी, एका पहाटे, अण्णा झोपेतच गेला. त्याचं हृदय आधीपासून दुबळं होतं, तुम्ही मिस्टरांच्या बाबतीत तसं काही लिहिलेलं नाही, हे आधी नीट वाचून घ्या. माझ्या भावाचं झालं ते तुमच्या घरी होईल असं मी सुचवत नाहीये. मला सांगायचंय ते पुढचं.

अण्णानं वहिनीला बजावून ठेवलं होतं, की माझे डोळे द्या. मूत्रपिंडाच्या रुग्णालाही बहुतेक वेळा नेत्रदान करता येतं, फक्त ते मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. वहिनीनं डोळ्यांवर ओला कापूस ठेवला, पंखा बंद केला आणि फोन लावला. नेत्रपेढीची दोन माणसं घरी आली, अर्ध्या तासात काम करून गेली. नंतर एक पत्र आलं, की दोघांना दृष्टी मिळाली. नावं नव्हती.

आता तुमचा प्रश्न. ते दोघं कितीतरी महिने कॉर्नियासाठी, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्यासाठी, यादीत थांबले असतील. त्यांच्याही आयाबायांनी कुठल्या कुठल्या देवापुढे हात जोडले असतील. म्हणजे ते माझ्या भावाच्या मरणावर टपून होते का? इतक्या वर्षांत माझ्या मनाला हा विचार एकदाही शिवला नाही. वहिनीच्याही नाही, मी तुमचं पत्र आल्यावर मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, ‘ते वाट बघत होते म्हणून तर त्याचं काहीतरी झालं. नाहीतर नुसती राखच.’

ज्या घरातून तुम्हाला किडनी येईल, त्या घरातल्या बाईचं उत्तर बहुधा असंच असेल.

आणि हे घडतं कसं, तेही पुरतं माहीत असू द्या, म्हणजे रात्री पावणेदोनला मन भलतीकडे जाणार नाही. आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, महाराष्ट्रात तो १९९५ पासून लागू आहे. मेंदू मृत झालाय हे एकट्यादुकट्या डॉक्टरला ठरवता येत नाही. चार डॉक्टरांचं पथक तपासणी करतं, किमान सहा तासांनी तीच तपासणी पुन्हा करतं, आणि त्या चौघांत प्रत्यारोपण करणारा कुणी असत नाही. तिथवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. अपघात काही तुमच्या हात जोडण्यासाठी थांबलेला नसतो. त्यानंतर अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर एखादा बाप, एखादी बायको बसलेली असते, आणि त्यांना एक प्रश्न विचारला जातो. पुष्कळ जण नाही म्हणतात. का म्हणतात तेही समजतं. यंत्रावर छाती वरखाली होत असते, अंग गरम असतं, ‘गेला’ हे मान्य कसं करायचं? काही जण हो म्हणतात. तुम्ही १९ महिने वाट बघताय ती त्या ‘हो’ची.

म्हणून काय मागायचं हे कळत नसेल तर त्या बाकड्यावरच्या माणसासाठी मागा. तो आज रात्रीही कुठल्यातरी शहरात बसलेला आहे, तुमचा नंबर लागो वा न लागो. त्याला धीर दे, एवढंच म्हणा. यात लाजण्यासारखं काही नाही आणि यातून तुमच्या मिस्टरांचं काही कमीही होत नाही.

आता पांडुरंगाबद्दल. तुम्ही लिहिता, हात जोडवत नाहीत. मग जोडू नका. तो थांबेल, त्याला थांबायची सवय आहे. वारकऱ्याच्या घरात पुंडलिकाची गोष्ट मी सांगायला नको, पण ती आपण फार गोड करून टाकलीय. देव दारात आला आणि पोरानं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. आईबापाचे पाय चेपतोय, म्हणाला, वीट घे आणि उभा राहा. आपल्या सबंध संप्रदायाचा देव हा असा एका सेवेकऱ्यानं तिष्ठत ठेवलेला देव आहे, आणि त्यानं त्याचा राग धरल्याचं कुणी सांगत नाही. डायलिसिसच्या खोलीबाहेर चार-चार तास बसणाऱ्या बाईनं देवपूजेला दांडी मारली म्हणून तो रुसेल, हे मला पटत नाही.

आणि राग आला असेल तर तो बोलून टाका. आपल्या संतांना निमूट वाट बघणं फारसं जमलेलं दिसत नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, तेव्हा ते अन्नपाणी सोडून तेरा दिवस शिळेवर बसले, अशी परंपरा आहे. ते धरणं होतं. आमचं काय करतोस ते सांग, तोवर उठत नाही! जनाबाईनं तर याला विठ्या म्हणून शिव्या घातल्या, आणि तिचे ते अभंग आपण आजही देवळात बसून म्हणतो. भांडण त्याच्याशीच होतं, ज्याच्यावर हक्क वाटतो. ‘अशा माणसाला इतकं ताटकळत ठेवावं?’ हे वाक्य तुम्ही मला लिहिलंत. ते जसंच्या तसं त्याला ऐकवा.

तो असं का ठेवतो, ते मला माहीत नाही. अण्णाच्या वेळी लोकांनी सांगितलेली सगळी कारणं मी ऐकलीत. मागच्या जन्माचं, परीक्षेचं, चांगल्या माणसालाच त्रास होतो त्याचं. एकही कामाला आलं नाही. सांत्वनाला येणाऱ्यांनी घरून निघताना कारणं तिथंच ठेवून डबा आणावा, असं माझं आता मत झालंय.

सासूबाईंचं म्हणाल, तर यादीत श्रद्धेला गुण नसतात. रक्तगट बघतात, डायलिसिसवर किती काळ काढला ते धरतात, अशा आणखी काही गोष्टी असतात. तुमच्या श्रद्धेनं नंबर पुढे सरकत नाही आणि तिच्या अभावानं मागे जात नाही, ही मला उलट मोठ्या दिलाशाची गोष्ट वाटते. पण हे त्यांना तोंडावर सांगू नका. ज्या आईला आपल्या लेकाला किडनी देता येत नाही, तिच्या जिवाची काय तगमग होत असेल? तिला स्वतःला दोष द्यायचाय, आणि तो पेलवत नाही म्हणून तुमच्याकडे सरकवलाय. त्यांना एखादं काम द्या. फिस्टुलाची घरघर ऐकायला एक दिवसाआड त्यांना कान लावू द्या.

तुम्ही विचारलंत, विश्वास ठेवायचा म्हणजे काय करायचं. पत्रात तुम्ही एक वाक्य लिहून पुढे निघून गेलात: रात्री उद्याचं पाणी मोजून तांब्यात भरते. माझ्या लेखी ते झालं. फोन येणारच, अशी खात्री मनात धरणं म्हणजे विश्वास असेल, तर तो अण्णाकडेही नव्हता आणि माझ्याकडे तर मुळीच नव्हता. पण उद्या आहे असं धरून तो चटणी नको म्हणाला. तुम्ही तांब्या भरता. मन रिकामं असताना हात हे करत राहतात, आणि कित्येक दिवस तेवढ्यावरच निघतात.

आता थोडं वहीत लिहून घ्यायचं. आधी रक्तगटाचं, कारण पत्र वाचताना मी तिथंच अडखळले. त्यांचा ए, तुमचा बी, ‘जुळत नाही’ म्हणून तुम्ही विषय सोडून दिलात. पण कुठंतरी अशी दुसरी जोडी असू शकते, जिथं नवरा बी गटाचा आहे आणि बायको ए गटाची. तुमची किडनी त्या नवऱ्याला, तिची तुमच्या मिस्टरांना. याला अदलाबदल किंवा स्वॅप म्हणतात, २०११ च्या दुरुस्तीनं कायद्यात त्याला जागा मिळाली. समितीची परवानगी लागते, दोन्ही जोड्यांच्या तपासण्या होतात, आणि पैशाचा व्यवहार त्यात अजिबात चालत नाही. तसं कुणी बोलायला लागलं तर तिथून उठून या. तुम्ही ज्या रुग्णालयातून यादीत नाव घातलंत, तिथल्या प्रत्यारोपण समन्वयकांना स्पष्ट विचारा, की आमचं नाव स्वॅपसाठीही नोंदवता येईल का. ए आणि बी ही त्यातली त्यात जुळायला बरी जोडी आहे. रक्तगट न जुळताही प्रत्यारोपण करतात, पण त्याचा खर्च आणि धोका दोन्ही वाढतं, ते डॉक्टरांशी बोला.

आणि इथंच तुमचे उपास आडवे येतात. उद्या तुमची दाता म्हणून तपासणी झाली, तर तुमचं हिमोग्लोबिन, रक्तदाब, वजन सगळं बघतील. आठवड्यातून तीन दिवस उपाशी राहून, रात्र रात्र जागून तुम्ही त्या किडनीचीच आबाळ करताय. एकादशी राहू द्या, माळकऱ्याच्या घरात ती सुटणार नाही हे मला ठाऊक आहे. बाकीचे वार तूर्तास देवाकडे जमा ठेवा. मिस्टर तुमच्यासोबत उपासाचं खात असतील तर ते आधी थांबवा. शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, रताळं, बटाटा, केळं, वरून शहाळं. डायलिसिसवरच्या माणसाला याहून वाईट ताट मांडता येणार नाही. पोटॅशियम एकदम वाढून हृदय बंद पडू शकतं. एकादशीला त्यांना काय चालेल, हे युनिटमधल्या आहारतज्ज्ञांकडून लिहून आणा.

काढा नको. त्यात काय आहे हे देणाराही सांगू शकणार नाही.

आणखी एक. यादीत नाव आहे म्हणजे ते चालू आहेच असं नसतं. हृदयाच्या आणि इतर तपासण्या जुन्या झाल्या, मध्ये ताप-संसर्ग झाला, की नाव तात्पुरतं बाजूला ठेवलं जाऊ शकतं, आणि घरच्यांना वाटत राहतं आपण रांगेत आहोत. दर दोन-तीन महिन्यांनी फोन करून विचारत जा. कावीळ बी ची लस पूर्ण झालीय का, दात तपासलेत का, तेही बघा. रक्त चढवायची वेळ आली तर ‘हे यादीत आहेत’ असं डॉक्टरांना आठवण करून द्या. ते का, हे अण्णाच्या गोष्टीत आलंच आहे. पुण्याला न्यायची फाईल, थोडे पैसे आणि दोन कपडे एका पिशवीत भरून दाराशी ठेवा. गावात रात्री गाडी कोण काढेल, हे आजच विचारून ठेवा.

राहिली पालखी. ते बघायला का जात नाहीत, हे मला वाटतं तुम्हालाही कळतं. १४ वर्षं ज्या वाटेनं चालत गेलो, त्या वाटेच्या कडेला उभं राहून इतरांना जाताना बघायचं, फार जड जातं ते. ओढून नेऊ नका. पण अरणच्या सावतोबांची आठवण त्यांना करून द्या. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, तर देवच मळ्यात आला म्हणतात. पालखीचा फलटणचा मुक्काम रविवारी आला, तर दोन दिवसांचं पाणी अंगात साठलेलं असतं, दम लागतो. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीचा मोकळा वार, मंगळवार, गुरुवार किंवा शनिवार, असेल तर विचारा. ऊन आणि गर्दी टाळून, त्यांच्या जुन्या दिंडीतले दोघं-चौघं संध्याकाळी घरीच येऊ शकले तर आणखी बरं. पखवाजाचं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, फिस्टुलाच्या हातावर ताण आणि मार चालत नाही. टाळ दुसऱ्या कुणाच्या हाती द्या आणि हरिपाठ त्यांना म्हणू द्या. गळ्याला पथ्य नाही. तुम्हाला म्हणवत नसेल तर तुम्ही नुसत्या बसा.

आणि फोन. तो उशाशीच राहू दे, आवाज मोठा ठेवून. पण तुमचा एकटीचा नंबर दिलेला असेल तर आणखी दोन द्या, एक धाकट्या दिराचा किंवा भाच्याचा. मग आठवड्यातून दोन रात्री फोन त्याच्याकडे आणि तुम्ही झोपा. फक्त त्याला सांगून ठेवा, अनोळखी नंबर आला तरी उचलायचा. हल्लीची पोरं उचलत नाहीत.